अभेटीची खूण : पाबळची मस्तानी आणि चरित्रात्मक प्रेरणेचा प्रश्न

१

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ या गावी मस्तानीचे दफनस्थान आहे. त्याचा निर्देश ‘समाधी’ असाही होतो आणि ‘मजार’ असाही होतो. एकाच वास्तूला दोन धर्मपरंपरांतील दोन नावे असावीत आणि त्यांपैकी एकालाही दुसऱ्याला हटविता आलेले नसावे, ही गोष्ट मस्तानीच्या इतिहासातील स्थानाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. ‘मजार’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आहे. ‘जियारत’ या शब्दाशी त्याचे मूळ जुळते आणि भेटीला जाण्याचे ठिकाण असा त्याचा मूळ अर्थ आहे. जिच्याविषयी जे बोलले गेले ते जवळजवळ सगळे इतरांनीच बोलले, आणि येथे येणाऱ्यांपैकी जिला कोणीही पाहिलेले नाही, अशा स्त्रीच्या ‘भेटी’चे हे ठिकाण होय.

कधीही न भेटलेल्या व्यक्तीच्या आयुष्याने एखादा लेखक भारला जातो आणि तिच्याविषयी लिहिल्यावाचून त्याला राहवत नाही, ही घटना साहित्यव्यवहारात नित्याची आहे. मराठीत ती विशेषच नित्याची आहे. चरित्र आणि चरित्रात्मक कादंबरी हे प्रकार मराठी वाचकाच्या पसंतीत कित्येक दशके अग्रभागी राहिले. ‘स्वामी’ (१९६२), ‘मृत्युंजय’ (१९६७), ‘श्रीमान योगी’ (१९६८), ‘राऊ’ (१९७२), ‘छावा’ (१९७९) ही नावे त्याची साक्ष देतात. तथापि मराठी समीक्षेने ‘प्रेरणा’ ही गोष्ट बहुधा लेखकाच्या मनोव्यापाराच्या खात्यात टाकून दिली. लेखक ती प्रस्तावनेत सांगतो, समीक्षक ती ऐकून घेतो आणि मग संहितेकडे वळतो. ऐतिहासिक कादंबरीची चर्चा मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली : ती कागदपत्रांशी कितपत इमान राखते आणि कलाकृती म्हणून ती कितपत एकसंध आहे. या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न शिल्लक राहतो. लेखकाची आणि त्याच्या चरित्रविषयाची भेट कधी झालेली नाही, ही वस्तुस्थिती संहितेत कोठे दिसते, की संहितेने ती पुसून टाकलेली असते?

या वस्तुस्थितीला प्रस्तुत विवेचनात ‘अभेट’ असे म्हटले आहे. अभेट ही प्रेरणेच्या मार्गातील केवळ उणीव नव्हे. प्रेरणेला आकार तिच्यामुळेच येतो. समोर असलेल्या माणसाशी माणूस बोलतो, भांडतो, त्याच्याविषयीचे आपले मत बदलतो. न भेटलेल्या माणसाच्या बाबतीत प्रत्युत्तराची शक्यताच नसते, आणि म्हणून त्याच्याविषयी लिहिणाऱ्याच्या हाती अमर्याद सत्ता येते. या सत्तेचा वापर लेखक कसा करतो हे त्याच्या लेखनाच्या रूपबंधातून कळते. अभेटीची खूण ज्या लेखनात शिल्लक असते तेथे प्रेरणा प्रामाणिक राहते; ती ज्या लेखनात पुसली जाते तेथे प्रेरणेचे रूपांतर ताबा घेण्यात होण्याचा धोका असतो. मस्तानीविषयक मराठी लेखनाच्या आधारे हे सूत्र तपासून पाहता येते.

२

या प्रश्नाचा विचार युरोपीय सिद्धांतांपासूनच सुरू केला पाहिजे असे नाही. ज्या शिरूर तालुक्यात पाबळ आहे त्या शिरूरशीच संत निळोबांचे नाव जोडलेले आहे. निळोबा मकाशीरे हे मूळचे शिरूरचे; पुढे ते पारनेर तालुक्यातील पिंपळनेर येथे स्थायिक झाले आणि त्या गावाच्या नावानेच ओळखले जाऊ लागले. तुकारामांचे निर्याण १६५० च्या सुमाराचे. निळोबांनी तुकारामांना देहाने पाहिले नाही असेच परंपरा मानते, आणि तरीही वारकरी संप्रदाय निळोबांना तुकारामांचे शिष्य म्हणूनच ओळखतो. या शिष्यत्वाचा आधार दृष्टान्त हा आहे.

वारकरी परंपरेत हा प्रकार अपवादात्मक नाही. स्वतः तुकारामांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला. सुमारे तीन शतकांपूर्वी होऊन गेलेल्या नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन त्यांना कवित्वाची आज्ञा केली. ‘भक्तविजय’ (१७६२) लिहिणाऱ्या ताहराबादच्या महिपतींनीही तुकारामांना गुरुस्थानी मानले ते अशाच स्वप्नानुग्रहाच्या आधारे. नामदेव, तुकाराम, निळोबा, महिपती ही मराठी काव्याची एक प्रमुख वाट आहे, आणि या वाटेवरील जोड बहुतांशी अभेटीचे आहेत.

या स्वप्नांकडे चमत्कारकथा म्हणून पाहणे किंवा मानसशास्त्रीय लक्षण म्हणून पाहणे, या दोन्ही रीती साहित्यविचाराला अपुऱ्या पडतात. संहितेच्या पातळीवर स्वप्न एक निश्चित कार्य करते. आपण गुरूला प्रत्यक्ष भेटलो नाही याची कबुली आणि तरीही आपल्याला काही मिळाले याची ग्वाही ते एकाच वेळी देते. अभेट लपविली जात नाही. तिच्यावरच संबंध उभा राहतो. दृष्टान्ताच्या भाषेत ज्याला अनुग्रह म्हटले आहे त्याला आजच्या परिभाषेत वाचनाचा एक सिद्धांत म्हणता येईल. निळोबांपर्यंत पोहोचले ते तुकारामांचे शब्द आणि त्या शब्दांभोवती देहू-पंढरीच्या वाटेवर जमलेली स्मृती.

याहूनही महत्त्वाची खूण अभंगाच्या अखेरच्या चरणात आहे. निळोबांच्या अभंगाला निळोबांचीच नाममुद्रा असते. विचार तुकारामांचा, भाषेचे वळण पुष्कळदा तुकारामांचे, निष्ठा तर संपूर्णपणे तुकारामांची. पण बोलणारा कोण याविषयी संदिग्धता नाही. तुकारामांच्या मनात त्या क्षणी काय चालले होते हे सांगण्याचा अधिकार निळोबा घेत नाहीत. ते तुकारामांना उत्तर देतात. महिपतींच्या चरित्रलेखनातही ही खूण वेगळ्या रूपाने आढळते. आपण ही चरित्रे स्वतः पाहून लिहीत नसून नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधाराने लिहीत आहोत हे ते सांगून टाकतात. कथन रसाळ आहे, संवाद भरपूर आहेत, चमत्कारांना तोटा नाही. आणि तरीही कथा ऐकलेली आहे हे श्रोत्याला ठाऊक असते. नाममुद्रा आणि आधारनिर्देश या दोन साध्या रूढींनी मराठी परंपरेने अभेटीची नोंद ठेवली होती.

अर्थात निळोबांची स्थिती एका बाबतीत अनुकूल होती. त्यांच्या चरित्रनायकाने शब्द मागे ठेवले होते, आणि ज्याचे शब्द उरले आहेत तो वाचकाला विरोधही करू शकतो. त्याच्याविषयी वाटेल ते बोलता येत नाही. मस्तानीची स्थिती याच्या अगदी उलट आहे.

३

मस्तानीविषयी निश्चितपणे जे म्हणता येते ते थोडे आहे. १७२९ साली महंमदखान बंगशाच्या आक्रमणात सापडलेल्या बुंदेलखंडाच्या छत्रसालाच्या मदतीला पहिला बाजीराव धावून गेला. त्या मोहिमेशी आणि छत्रसालाशी मस्तानीच्या पुण्याला येण्याचा संबंध सामान्यतः जोडला जातो. १७३४ साली तिला बाजीरावापासून मुलगा झाला. तो समशेरबहाद्दर या नावाने इतिहासात ओळखला जातो. शनिवारवाड्याच्या एका दरवाज्याला तिचे नाव मिळाले. पाबळ तिला इनाम होते. बाजीरावाच्या अखेरच्या काळात, तो मोहिमेवर असताना, पेशव्यांच्या कुटुंबाने तिला पुण्यात अटकेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव मरण पावला आणि त्यानंतर लवकरच मस्तानीचाही मृत्यू झाला. तो आघाताने झाला, विषाने झाला की अन्य कशाने, याविषयी निरनिराळ्या कथा आहेत. कारण निश्चित नाही. तिचा जन्म कोणत्या कुळातला याविषयीही परंपरांचे एकमत नाही. कोणी तिला छत्रसालाची कन्या म्हणतात, कोणी दरबारातील कलावंतीण म्हणतात, तर कोणी तिचा संबंध थेट निजामाकडे नेतात.

या माहितीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. तिच्यातील बहुतेक वाक्यांचा कर्ता कोणी दुसराच आहे. छत्रसालाने दिले, बाजीरावाने आणले, कुटुंबाने अटकेत ठेवले. मिशेल फुको याने १९७७ साली लिहिलेल्या ‘बदनाम माणसांची जीवने’ या अर्थाच्या निबंधात अशा आयुष्यांचा विचार केला आहे. जुन्या फ्रेंच दप्तरांत ज्यांच्याविषयी चार-दोन ओळीच उरल्या आहेत अशी ही माणसे होती. त्यांची सत्तेशी गाठ पडली नसती तर त्या ओळीही उरल्या नसत्या. ज्या क्षणी सत्तेला ती अडचणीची झाली त्या क्षणाचाच प्रकाश त्यांच्यावर पडला आणि तेवढेच त्यांचे अस्तित्व पुढच्या काळाला दिसले. मस्तानीला हे वर्णन सामान्य अर्थाने लागू पडते. ती अज्ञात नव्हती, सामान्य घरातलीही नव्हती. पण पेशव्यांच्या घराला तिची जी अडचण झाली तिच्या उजेडातच ती प्रामुख्याने दिसते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. या खंडांनी पेशवेकालीन कुटुंबव्यवहाराचे पुष्कळसे साधन अभ्यासकांपुढे आणले. पण साधन वाढल्याने मस्तानीची वाणी ऐकू येऊ लागली असे झाले नाही. घर बोलू लागले. ती बोलली नाही.

मग लेखकाला तिच्यात काय प्रेरक वाटते? निळोबांना शब्दांनी बोलाविले. मस्तानीकडे लेखकांना बोलाविते ते मौन. ज्या आयुष्याचा मध्यभाग रिकामा आहे त्यात प्रत्येक काळाला आपला प्रश्न ठेवता येतो. एकोणिसाव्या शतकाला ती पराक्रमी पुरुषाच्या अधःपाताचे निमित्त वाटली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाला ती जातिधर्माच्या भिंती ओलांडणाऱ्या प्रेमाची प्रतिमा वाटली. आणि पुण्याच्या बाजारपेठेने तर तिचे नाव दूध-आइस्क्रीमच्या एका पेयाला देऊन टाकले. या तिन्हींमध्ये मूल्यांचा फरक मोठा आहे; पण मौनाचा उपयोग करून घेण्याची रीत तीच आहे.

४

ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ (१९७२) ही कादंबरी या संदर्भात निर्णायक ठरते. तिचे श्रेय प्रथम नोंदविले पाहिजे. मस्तानीच्या नावाभोवती जो कुचेष्टेचा थर साचलेला होता तो हटविण्याचे काम मराठी ललित लेखनात या कादंबरीने जेवढे केले तेवढे अन्य कोणत्याही कृतीने क्वचितच केले असेल. पराक्रम आणि आचारधर्म यांच्यातील ताण, सत्तेच्या शिखरावर असलेल्या माणसाची स्वतःच्या घरातील असहायता, आणि एका स्त्रीच्या उपस्थितीने उघडी पडणारी समाजाची क्षुद्रता, हे तिचे आशयसूत्र आजही जिवंत आहे. इनामदारांना मस्तानीविषयी जी आस्था वाटली ती खरी आहे, आणि वाचकापर्यंत ती पोहोचते.

प्रश्न आस्थेच्या खरेपणाचा नाही. तिच्या आविष्काराचा आहे. प्रसंग आणि संवाद यांच्या बळावर उभे राहणारे सर्वज्ञ निवेदन हा त्या काळच्या मराठी ऐतिहासिक कादंबरीचा सर्वमान्य रूपबंध होता, आणि ‘राऊ’ने तो स्वीकारला. या रूपबंधात निवेदकाला सर्व काही दिसते आणि सर्व काही ऐकू येते. परिणामी ज्या ठिकाणी कागद आहे आणि ज्या ठिकाणी कागद नाही, त्या दोन्ही ठिकाणांचा पोत सारखाच होतो. बाजीरावाच्या मोहिमेचा तपशील आणि मस्तानीच्या मनातील खळबळ एकाच आत्मविश्वासाने सांगितली जाते. वारकरी कवीने ज्याला स्वप्न म्हटले असते तेच येथे स्वप्न म्हणून सांगितले जात नाही. सर्वज्ञ निवेदन हे, या अर्थाने, आपण स्वप्न आहोत हे विसरलेले स्वप्न होय.

शीर्षकही बोलके आहे. ‘राऊ’ हे बाजीरावाचे संबोधन आहे. मस्तानीचे सारे मोठेपण कादंबरीत सिद्ध होते ते त्याच्या संबंधातून. तिच्या निष्ठेचा, सोसण्याचा, मृत्यूचा अर्थ त्याच्या आयुष्याच्या आलेखात बसविला जातो. तिच्यावरील अन्यायाचे परिमार्जन करू पाहणारी कृती तिला पुन्हा एकदा ‘कोणाची तरी’ म्हणूनच उभी करते. दस्तऐवजातील वाक्यरचना, म्हणजे कर्ता दुसरा आणि मस्तानी कर्म, येथे प्रेमाच्या भाषेत कायम राहते.

यावर एक आक्षेप सहज संभवतो. कादंबरीने कल्पना करू नये तर काय करावे? कागदांचा जाबजबाब लिहायला कादंबरीकाराची आवश्यकताच काय? हा आक्षेप रास्त आहे. पण येथे मागणी कल्पनेला आवर घालण्याची नाही. व्हर्जिनिया वुल्फ हिने १९२९ साली शेक्सपिअरच्या एका बहिणीची कल्पना केली आणि तिचे संपूर्ण दुर्दैवी आयुष्य रचले. ही बहीण कल्पित आहे हे वाचकाला प्रारंभापासून ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्यातच त्या रचनेची धार आहे. इतिहासाने जी जागा रिकामी ठेवली ती भरून दाखविताना जागा रिकामी होती याचा विसर पडू दिलेला नाही. कल्पना आणि खूण यांचे वैर नाही, हे यावरून दिसते.

खूण पुसली गेल्याचा परिणाम पुढच्या माध्यमांतरात स्पष्ट झाला. २०१५ साली संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्याने ‘राऊ’चा आधार जाहीरपणे सांगितला. एका कादंबरीकाराची अभेटीतून जन्मलेली कल्पना येथे दुसऱ्या कृतीचे साधन झाली. म्हणजे कागदाच्या जागी कादंबरी आली. काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचविणाऱ्या गीतावर त्या वेळी मोठा वाद झाला आणि इतिहासाच्या विपर्यासाची तक्रार करण्यात आली. त्या वादात काशीबाईच्या प्रतिष्ठेविषयी जेवढी चिंता व्यक्त झाली तेवढी मस्तानीच्या मौनाविषयी झाली नाही. पेशव्यांच्या पत्नीने नाचावे हे अनेकांना असह्य वाटले. मस्तानीने नाचावे हे मात्र जणू गृहीतच होते. दोन शतकांहून अधिक काळ भरत आलेली रिकामी जागा इतकी घट्ट झाली की ती रिकामी होती हेच कोणाला आठवेना.

५

‘राऊ’नंतर सतरा वर्षांनी, १९८९ मध्ये, द. ग. गोडसे यांचा ‘मस्तानी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गोडसे (१९१४–१९९२) हे चित्रकार, नेपथ्यकार आणि कलामीमांसक. शीर्षकापासूनच फरक जाणवतो. येथे नाव तिचे आहे. मस्तानीविषयीच्या प्रवादांची छाननी करणारे, तिच्यावर साचलेली पुटे तपासणारे हे लेखन कादंबरीच्या वाटेला जात नाही. ते शोधाचा घाट स्वीकारते. शोधलेखनाचा एक उपजत गुण असा की त्यात शिवण दिसते. येथे आधार आहे, येथे तर्क आहे, येथे परंपरा असे म्हणते पण ती विश्वसनीय नाही, अशा वाक्यांनी लेखकाला पावलोपावली आपले अंतर सांगावे लागते. अभेटीची खूण राखण्यासाठी त्याला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. रूपबंधच ती राखतो.

म्हणून शोधलेखन निष्प्रेम असते असा समज करून घेण्याचे कारण नाही. अडीचशे वर्षांपूर्वी मरून गेलेल्या स्त्रीच्या बाजूने उभे राहण्यासाठी जी चिकाटी लागते ती केवळ माहितीच्या हौसेतून येत नाही. इंग्रज चरित्रकार रिचर्ड होम्स याने ‘फुटस्टेप्स’ (१९८५) या पुस्तकात असाच एक अनुभव मांडला आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८७८ साली फ्रान्सच्या डोंगराळ मुलखातून गाढवासह केलेल्या प्रवासाच्या वाटेने होम्स अठराव्या वर्षी पायी निघाला. लांगोन्य या गावी पोहोचल्यावर त्याला दिसले की स्टीव्हन्सन ज्या जुन्या पुलावरून गेला असेल तो पूल मोडलेला आहे आणि आपण नव्या पुलावर उभे आहोत. त्या मोडक्या पुलापाशी त्याला चरित्रलेखनाचा धडा मिळाला. पाठलाग करता येतो, गाठ मात्र पडत नाही. होम्सचे चरित्रकार होणे हे त्या न पडलेल्या गाठीतून सुरू झाले. अभेटीचे दुःख आणि अभेटीचे भान या दोन्ही गोष्टी प्रेरणेत एकत्र नांदू शकतात याचे हे चांगले उदाहरण होय.

तथापि मस्तानीच्या समर्थनार्थ होणाऱ्या लेखनातही एक सूक्ष्म धोका आहे, आणि त्याचा निर्देश केल्यावाचून विवेचन अपुरे राहील. ती कलावंतीण नव्हती, ती राजकन्या होती, असे सांगून तिची प्रतिष्ठा परत मिळवून देण्याकडे या समर्थनाचा कल होतो. ऐतिहासिक प्रश्न म्हणून तिच्या कुळाची चर्चा आवश्यकच आहे. परंतु प्रतिष्ठेचा प्रश्न कुळाच्या उत्तरावर सोपविला की ज्या मूल्यव्यवस्थेने तिला नाकारले तिचीच पुन्हा साक्ष काढल्यासारखे होते. राजकन्या असेल तर सन्माननीय. मग कलावंतीण असती तर काय? हा प्रश्न विचारल्यावर लक्षात येते की मौन भरून काढण्याची घाई निंदकांनाच होती असे नाही, चाहत्यांनाही ती होते. तिचा सन्मान तिच्याविषयी काहीही सिद्ध न होता करता आला पाहिजे. अभेटीचे भान समीक्षेकडून आणि चरित्रलेखनाकडून जी किमान नैतिकता मागते ती एवढीच.

६

पाबळ येथे मस्तानीच्या दफनस्थानाखेरीज आणखी एका न भेटलेल्या माणसाचा माग आहे, आणि तो प्रस्तुत प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. अन्नतंत्रज्ञान या विषयातील शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनी औद्योगिक संशोधनातील आपले स्थान सोडून १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे हे त्याचे सूत्र. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य अशा विभागांतून खेड्यातील मुलांनी प्रत्यक्ष कामे करावीत आणि त्या कामांतून विज्ञान समजून घ्यावे अशी त्याची रचना. कलबागांचे निधन २००३ साली झाले. त्यानंतर तेथे शिकायला आलेल्या कोणत्याही मुलाने त्यांना पाहिलेले नाही.

या मुलांचा कलबागांशी असलेला संबंध कोणत्या जातीचा आहे? कलबागांच्या मनात काय चालत होते, मोठ्या शहरातील स्थिर आयुष्य सोडताना त्यांना काय वाटले असेल, हे जाणून घेतल्यावाचून या संबंधाला बाध येत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचते ती कृतीची एक रीत. लोखंड जोडावे कसे, पाणी तपासावे कसे, घुमट उभारावा कसा, हे करताना ती रीत हातात येते, आणि चूक झाली तर ती चूक कलबागांची नसून करणाऱ्याची असते. निळोबांच्या अभंगाखाली निळोबांची मुद्रा असते तसाच हा प्रकार आहे. ज्याने केले त्याच्या नावावर ते राहते. ज्याच्यामुळे केले त्याच्या तोंडी ते घातले जात नाही.

‘चरित्र’ हा शब्द ‘चर्’ या धातूपासून आला आहे. चालणे, वागणे, आचरणे असा त्याचा अर्थ. व्यक्तीच्या अंतरंगाचा शोध हा अर्थ त्याला पुढे चिकटला आणि आधुनिक काळात तोच प्रमुख झाला. या बदलाने मराठी लेखनाला पुष्कळ काही दिले. व्यक्तीच्या एकाकीपणाची, द्विधेची, अपराधभावनेची भाषा त्यातून घडली. पण न भेटलेल्या व्यक्तीच्या बाबतीत अंतरंग हाच सर्वांत दुर्गम प्रदेश असतो आणि तोच सर्वांत आधी व्यापला जातो. आचरण मागे उरते, शब्द मागे उरतात, कधी केवळ एक दरवाजा आणि एक कबर मागे उरते. प्रेरणा घेणाऱ्याने जे उरले आहे त्याच्याशी संबंध जोडावा आणि जे उरलेले नाही त्याचे न उरणेही आपल्या लेखनात उरू द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तिच्या कसोटीला उतरेल अशी मस्तानीविषयक कादंबरी मराठीत लिहिली जाऊ शकते का? जाऊ शकते, असे म्हणण्यास आधार आहे, कारण लागणारी साधने परंपरेतच पडून आहेत. नाममुद्रा, आधारनिर्देश, दृष्टान्त म्हणून सांगितलेला दृष्टान्त, एकाच घटनेच्या परस्परविरुद्ध कथा शेजारी शेजारी ठेवणारी ऐकीव वार्तेची रीत, ही सारी निवेदनाची तंत्रेच आहेत. सर्वज्ञ निवेदकाने ती अडगळीत टाकली. तिच्या जन्माच्या तीन कथा आणि तिच्या मृत्यूच्या तीन कथा यांपैकी एकीची निवड करून उरलेल्या पुसून टाकण्याऐवजी, त्या सर्व कथा सांगणाऱ्यांची चरित्रे सांगणारी कादंबरी कल्पिता येते. तिच्यात मस्तानी बोलणार नाही. तिच्याविषयी बोलणारे मात्र ओळखू येतील, आणि त्यांच्यात लेखकही असेल.

पाबळच्या त्या वास्तूला आजवर दोन नावे आहेत. त्यांपैकी एक निवडून दुसरे खोडावे असा आग्रह अधूनमधून संभवतो. इतिहासाच्या नावाने तो धरला जातो आणि प्रेमाच्या नावानेही. दोन्ही नावे राहू देणे हे अज्ञानाचे लक्षण नाही. तेथे कोण निजले आहे हे ठाऊक असूनही ती कोण होती हे आपल्याला ठरविता येत नाही, एवढी नोंद ती दोन नावे मिळून करतात. मस्तानीविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यातील फार थोडे लेखन या दगडाइतके प्रामाणिक आहे.